भाऊजींची छुट्टी मंजूर

आमचे भाऊजी, हेमराज बोरकर, फौजेतर्फे परदेशात जाऊन आले आणि तिथे त्यांनी काय केलं, तर उंटांपासून बनियनी राखल्या. मी त्यांची टिंगल करत नाही. ते स्वतःच भर पंगतीत हे सांगायचे आणि वाढणाऱ्याला वरण घेऊन ताटकळत ठेवायचे.

लग्न झालं आणि लगेच त्यांची तुकडी शांतिसेनेत सोमालियाला निघाली. निळी टोपी, जहाजाचा प्रवास, आमच्या घरात केवढा तोरा! प्रत्यक्षात तिथे वाळू आणि उंट. जवान दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि उंट येऊन चघळायचे. एका सकाळी मेजरसाहेबांची बनियन गेली, तेव्हा दोरीवर पहारा बसला आणि पहिलं नाव निघालं भाऊजींचं. "बंदूक होती न बाप्पा, पन उंटावर गोळी चालवाची परवानगी कोनापाशी मांगाची, हे कोनालेच ठाऊक नोयतं," असं म्हणून ते स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचे.

दुसरा किस्सा कामठीच्या ट्रेनिंगचा. तिथे सकाळी तपासणी. चादरीवर एक सुरकुती दिसली तर मैदानाला चकरा. म्हणून पोरांनी पलंग एकदा कडक लावून ठेवले आणि सगळे खाली फरशीवर झोपायला लागले. भाऊजींना ती सवय अशी लागली की लग्नानंतरही ते पलंगाशेजारी घोंगडी टाकून जमिनीवर आडवे झाले. माझी थोरली बहीण नलूताई नवी नवरी. तिला वाटलं, आपण पसंत पडलो नाही. बिचारी रडून रडून दमली, मग खरं कारण कळलं तेव्हा हसत म्हणाली, "वर झोपा नं. येथी कोनी साहेब नाही." हे वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चाललं. कोणी उगाच घाबरला की त्याला हेच ऐकवायचं.

फौजेतून सुटल्यावर भाऊजी आमच्या भिलाईत, सिविक सेंटरच्या बाजारात एका दुकानावर पहारेकरी होते. तेही संपलं. आता साठी उलटली आहे आणि डोक्यातलं एकेक सामान निघून गेलं आहे. भिलाई गेली, दुकान गेलं, मी गेलो. सोमालिया तेवढा राहिला. हुडको कॉलनीतल्या त्यांच्या घराच्या अंगणात कपड्यांची दोरी आहे. भाऊजी हातात काठी घेऊन तिच्याखाली उभे असतात. शेजाऱ्यांची गाय फाटकाशी आली की "थम! कौन आता है?" म्हणून ओरडतात. कॉलनीतले लोक पहिल्यांदा पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ताई हसली नाही.

कारण ताईला ते फौजेच्या लंगरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी समजतात. "भाई, दाल में नमक डालना भूल गया क्या?" असं नवरा बायकोला विचारतो आणि ती "माफ करना" म्हणत मीठ आणून देते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. ताईने मान हलवली आणि घरी येऊन मला म्हणाली, "टिकाराम, मले बाकी काही नाही पाह्यजे. एकडाव नलू म्हनून हाक मारली पाह्यजे." मला तिचा रागच आला. जे होणार नाही ते मागून बसायचं, ही तिची जुनी खोड.

माझी बढती मात्र झाली होती. अर्धी नोकरी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या धुरात आणि बाकीची सुपरवायझरच्या शिव्यांत काढलेला मी ड्यूटी संपवून सेक्टर १० मधल्या घरून मोटरसायकलवर हुडकोला पोचलो की भाऊजी टाच आपटून सलाम ठोकायचे. मी त्यांचा सुभेदार होतो. मग छुट्टीची अर्जी. कधी आजी वारली, कधी घराचं छप्पर उडालं, कधी पुन्हा तीच आजी वारली. "अरे, दादी तो परसों मरी थी," मी म्हणायचो. ते न डगमगता सांगायचे, "वो पिताजी की तरफ की थी, साब." मी "सोचेंगे" म्हणून चहा प्यायला बसायचो.

एका संध्याकाळी आजीला त्यांनी जिवंत ठेवलं. अर्जी देताना खाली बघत होते. "झूठ नहीं बोलूँगा, साब. शादी हुई और जहाज में बैठ गया. बीवी का चेहरा भूलने लगा हूँ. एक बार देख के आ जाता हूँ."

आत ताईच्या हातातली परात ओट्यावर आपटली. माझ्याने बसवेना. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "छुट्टी मंजूर."

बेत मीच केला, ताईला उगाच दोष नको. रविवारी दुपारी भाऊजींना सामानासकट बाहेर काढायचं, ऑटोतून सिविक सेंटरला फिरवायचं, चहा पाजायचा आणि घरी आणायचं. म्हणजे जवान छुट्टीवर घरी आला. दारात ताई उभी राहील. कोण जाणे, वीज चमकावी तसं काहीतरी होईल. इतके दिवस तिला वेड्यात काढणारा मी, रविवारी सकाळी दाढी करताना गुणगुणत होतो.

भाऊजींनी वळकटी अशी बांधली की आमच्या पोरांना जन्मात जमणार नाही. ऑटोत बसले आणि पहिल्यांदा हिंदी सोडली. फौज मागे राहिली होती ना! मी आता सुभेदार नव्हतो, गाडीतला सोबती होतो. "तुमी कोठचे, भाऊ? मी घरी चाल्लो. बायको वाट पाहून राहिली," असं त्यांनी मला सांगितलं, मग ऑटोवाल्याला सांगितलं, मग चहावाल्यालाही. चहावाल्याने बिस्किट फुकट दिलं.

घरासमोर उतरलो. ताईने अबोली रंगाची साडी नेसली होती, लग्नात सासरहून आलेली. केसांत गजरा. पावडर थोडी जास्तच झाली होती.

भाऊजी फाटकातून आत आले. तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा उजळला, अगदी खरा उजळला. वळकटी खाली ठेवली, वाकले आणि ताईच्या पायाला हात लावला.

"पाया पडतो, आई. नलू कोठी गेली?"

आमची आई जाऊन किती वर्षं झाली. ताई म्हातारपणी हुबेहूब तिच्यासारखी दिसते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझ्या अकलेला आग लागो. ताईचा हात तसाच वर राहिला. मग तिने तो नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "बजारात गेली, बापू. येईन आता."

भाऊजी आत गेले. पलंग ताईने धुतलेली चादर घालून ठेवला होता. त्यांनी चादरीवरून नजर फिरवली, एक कोपरा ताणून सरळ केला आणि पलंगाशेजारी खाली घोंगडी अंथरली.

ताई दारात टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "वर झोपा नं. येथी कोनी साहेब नाही."

भाऊजी थांबले. ते वळले, नव्या नवरदेवासारखे लाजले.

"नलूबी असंच म्हनते, आई. तिले येऊ द्या, मंग झोपतो वर." मग दाराकडे तोंड करून आडवे झाले. "आली का उठवा मले."

ताईने मला हातानेच जायला सांगितलं. मी फाटकाशी जाऊन मागे पाहिलं. गजरा तसाच होता आणि ती पलंगाच्या कडेला, चादर चुरगळणार नाही इतक्या बेताने बसली होती.