जयंतकाकांची बेलबॉटम

दिल्लीतल्या द्वारकेत सोसायट्या नव्या, गाड्या नव्या, जुने फक्त आमचे जयंतकाका. तरुणपणी पडद्यावरच्या एका उंच नायकाला पाहून त्यांनी कान झाकणारे केस वाढवले आणि करोलबागेतल्या टेलरकडून बेलबॉटम शिवून घेतली. पुढे केस गेले, कल्ले राहिले. बेलबॉटमही राहिली. परीक्षेच्या अभ्यासाला मी परभणीहून त्यांच्याकडे आलो, तेव्हा तिचा घेर पाहून मला आधी तो खिडकीचा पडदाच वाटला होता.

वृंदाकाकूंना त्या पँटच्या बदल्यात स्टीलचं पातेलं हवं होतं. रविवारी भांडेवाली दारात बसली, काकूंनी कपाट उघडलं, तर पँट गायब! तेवढ्यात काका बाहेर आले, पँट घालूनच. बटण लागत नव्हतं म्हणून पट्टा आवळलेला, श्वास रोखलेला आणि एक हात नायकासारखा खिशात.

"आता दे बघू," काका म्हणाले.

"अहो, सोसायटी बघतेय!"

"बघू दे. तिकीट कुठे लावलंय?"

भांडेवालीने कापड चिमटीत धरून पाहिलं. "कपड़ा बढ़िया है, बहनजी. पर आदमी समेत नहीं लेती."

"समेतही ले जाओ," काकू कडाडल्या. "पतीला छोड़ो, एक चम्मच दे दो!"

हिंदीतला पतीला म्हणजे पातेलं, पण काकांनी तो मराठीत ऐकला. त्यांना हसू फुटलं, श्वास सुटला आणि पट्टाही. दोन्ही हातांनी पँट सावरत ते आत पळाले. बेलबॉटम वाचली.

पातेलंही आलंच घरात. बाल्कनीत वाळत घातलेली माझी नवी जीन्स गेली.

"गुडघ्यावर फाटलेलीच तर होती रे," काकू म्हणाल्या.