फळीवरचं ढेकूल

तो वावरात शिरला का पहिले चपला काढे. मंग वाके, एक ढेकूल उचले, लेकराच्या डोयातला कचरा फुकावा तसं फुके, अन् घेणाऱ्याच्या ओंजळीत ठेवे.

"माती हातात आली," म्हणे. "आता भेव कायचं?"

असा प्लॉटचा दलाल तुमच्याबी गावात असन. आमचा दिग्रसचा होता. अंगठी नाही, गाडी नाही. एक सायकल अन् हँडलाले चुन्याच्या फक्कीचा डब्बा. कापसाची पऱ्हाटी कापून वावर मोकळं झालं का हा फक्कीच्या रेघा मारे. "हा रस्ता. हे तुह्यं दार. सकाळचं ऊन सीधं चुलीपाशी येते." मले तर खरंच दार दिसे. बायको म्हणे, "मले खुंटं दिसून राह्यले." मी समजलो, बिचारीचे डोळे गेले.

मी शाळेत दोनदाच गेल्तो. एकदा खिचडी खायले अन् एकदा घंटा चोरायले. पुढं जिनिंगात कापसाचे बोरे उचलले. मंग कापसाले कोणी विचारीना, जिनिंग बंद पडलं, तवा मी बसस्टँडावर पानठेला टाकला. गिऱ्हाइकापेक्षा जास्त पानं मीच खाल्ले. तो दलाल माह्याच ठेल्यावर बसे. त्या सालात शहराजवळचं वावर जो तो विकायले काढे, अन् आमच्यासारखे जिनिंगातून सुटलेले, हाती जे काही होतं ते घेऊन जागा पाहत. दोघाइच्या मधात हा.

दारव्हा रोडवरच्या एका वावराच्या धन्यानं त्याले मुखत्यारपत्र लिहून देल्लतं. म्हंजे माह्या वतीनं तू वीक. ह्यानं चुन्याचे प्लॉट पाडले अन् लोकाइले इसारावर देले. रजिस्ट्री मागून करू, म्हणे. लोकाइनं विटा आणल्या, टिना टाकल्या, तुळशी लावल्या. ते वावर सरकारदरबारी वावरच होतं, घरं बांधायची परवानगी नोयती, हे कोणी विचारलं नाही. ढेकूल भेटलं होतं ना.

एक कोपरा राह्यलता. मी मनातल्या मनात तिथं दार लावून ठेवलतं. तेवढ्यात वावराचा धनी मेला. कसा मेला ते नाही सांगत. त्या सालात तसं विचारायची रीत नोयती.

मी ठेल्यावर त्याले म्हटलं, "मंग आता माह्या कोपऱ्याचं कसं?"

त्यानं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी येडा हाय. तसा मी हावोच.

"अरे लेका, आता तर पक्कं झालं! जिता माणूस शब्द फिरवते. उद्या म्हणन भाव वाढला, नाही देत. मेलेला कसा फिरवन?"

मले हे इतकं पटलं का मी त्याले फुकट पान देल्लं. घरी जाऊन बायकोले म्हटलं, "आपलं नशीब पाह्य, धनीच मेला!"

ती म्हणे, "रजिस्ट्री कवा?"

मी हासलो. बाईमाणसाले व्यवहारातलं काय समजते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तहसीलपाशी इसाराच्या कागदावर अंगठा मारला, ढेकूल घेतलं, नारळ फोडलं. नारळ सडकं निघालं. मी ते गाईले देल्लं, गाईनंबी नाही खाल्लं.

एक खोली बांधली. बायकोनं सारवलं. चुलीपाशी खरंच सकाळचं ऊन ये. हे त्यानं खोटं नोयतं सांगतलं.

मंग चार-पाच सालानं धन्याच्या पोराइनं ते सारं वावर गोदामासाठी एका व्यापाऱ्याले रजिस्ट्री करून देल्लं. आमाले नोटिसा आल्या. दलाल पळाला नाही. माह्यासंगं वकीलबाईकडं आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"मुखत्यारपत्र केव्हाचं?" वकीलबाईनं विचारलं.

"धनी जिता होता तवाचं."

"आणि यांना जागा कधी दिली?"

"धनी गेल्यावर."

वकीलबाईनं पेन खाली ठेवला. "काका, देणारा मेला की मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपतं. मग विकायचा हक्क मुलांचा. तुम्हाला तो नव्हताच."

"मंग धनी जिता असताना घेतलं त्या पहिलेवाल्याइचं?"

"त्यांच्याकडे नुसता इसार. खरेदीखत नाही, जागा अकृषक नाही. आणि दावा लावायची मुदतसुद्धा निघून गेली."

त्यानं गुडघ्यावरची टोपी हातात घेतली. मंग हळूच म्हणे, "बाई, म्हंजे मेल्या माणसाच्या शब्दाले कायद्यात काहीच नाही?"

मी मधात म्हटलं, "बाई, माह्याजवळ ढेकूल हाय."

माह्या जोकावर वकीलबाई हासल्या नाही. तवा मले समजलं का घर गेलं.

टिना आम्हीच उतरवल्या, व्यापाऱ्याच्या पाडायच्या मशीनखाली चेपण्यापरीस. तोबी आला. कोणी बोलावलं नोयतं. लोकाइच्या टिना डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत नेऊन दे. एका बाईनं त्याच्याच सायकलीचा डब्बा काढला अन् सारी फक्की त्याच्या डोक्यावर ओतली. तो पांढराफक उभा राह्यला. डोळे पुसले नाही. मंग तसाच वाकला अन् तिचीच टिन उचलली.

आम्ही किरायाच्या खोलीत आलो. एक दिवस तो दारात. खांद्यावर कापसाचा जुना बोरा.

"ते ढेकूल हाय का गा?"

"कायले?"

"सगळ्याइचे वापस घेऊन राह्यलो. जिथले तिथं ठेवून येतो. नाहीतर वर धन्याले कोणतं तोंड दाखवू?"

ढेकूल फळीवरच होतं, मी तिकडं हात नेला. बायकोनं माह्या मनगटाले धरलं.

"ते नाही भेटत, भाऊ," ती त्याले म्हणे. "घरातलं तेवढंच राह्यलं."

तो उंबऱ्यावर बसला. पानी मागतलं, पेला, "बराबर हाय बाई," म्हणे. जाताना चपला हातातच घेतल्या. रस्त्यावरबी घातल्या नाही.

त्याच्यानंतर तो कोणाले दिसला नाही. फुलसावंगीकडं लेकीजवळ असन, असं लोकं म्हणत. लेकच इथं त्याले इचारत आली, तवा तीबी आशा गेली.

गोदामाचा चौकीदार माह्याच ठेल्यावर तंबाखू घेते. एकदा सांगे, भिंतीपाशी कोणी तरी बोरा ठेवून गेल्तं. सरकी असन म्हणून त्यानं सोडला, तर नुसती माती. त्यानं तिथंच उपडा केला.

मी घरी येऊन बायकोले हे सांगतलं. म्हटलं, "एक कमी पडलं वाटते त्याले."

ती पोया करून राह्यलती. तिनं फळीकडं पाह्यलं. पावसानं भिंत पाझरली तवा ते ढेकूल अर्धं इरघळलं, तिनं ते वाटीत काढून ठेवलं होतं.

"आता आला तर देजो," ती म्हणे.

दारात कोणाच्या चपला काढल्याचा आवाज आला का मी अजूनबी पहिले वाटीकडं पाह्यतो.