अक्काच्या पदरातल्या चाव्या

जळगावला गाडीतून उतरलो तेव्हा डोक्यात फक्त भरीत होतं. पुण्यात ज्याला भरीत म्हणतात ते मी इतकी वर्षं सभ्यपणे गिळत आलोय. एरंडोलवरून एस.टी.ने पारोळा गाठलं. तिथून जवळच्या गावात माझे जुने स्नेही नाना राहतात. त्यांच्या शेतात तुराट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्या) जाळावर हिरवी वांगी भाजली, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचली, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मी लाज सोडून जेवलो.

हात धुताना नाना म्हणाले की धुळ्याला जायचंय. त्यांचा पुतण्या मोटारसायकलवरून पडला होता. डोक्याला मार लागलेला, शुद्ध आलेली, पण आईलाही ओळखत नव्हता. इकडे आजाऱ्याला भेटायला एकट्यानं जात नाहीत, घरटी एक माणूस निघतो. कापसाची वेचणी सोडून सगळे फटफट्या काढून उभे होते.

अपघातानंतर गावात घरोघरी हेल्मेटं आली होती. मी ओसरीवरचं एक उचललं, तर नानांनी ते काढून घेतलं.

"भाऊ, ते आठेच ऱ्हाऊ द्या. तिना पोऱ्या बिगर हेल्मेटना पडना. आपण डोकावर घालीसन गऊत तं तिले टोमणा वाटी."

'ती' म्हणजे नानांची थोरली वहिनी, मुलाची आई. गाव तिला अक्का म्हणतं. तिचं मन दुखू नये म्हणून सगळ्यांनी हेल्मेटं घरी ठेवली. मला हा विचार इतका हळवा वाटला की मीही बोडक्या डोक्यानं नानांच्या मागे बसलो. महामार्गावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, आणि हळवेपणाचा काही उपयोग होत नव्हता.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मुलगा छताकडे बघत पडला होता. मी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले. खोड जात नाही. डॉक्टरांना विचारलं, हेल्मेटनं सरकारचा खर्च खरंच वाचतो का?

तरुण बाई होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "ज्याला काहीच होत नाही तो इथं येत नाही. त्याचा न झालेला खर्च मी कुठे दाखवू? आणि काहीजण हेल्मेट होतं म्हणूनच जिवंत इथवर येतात. त्यांच्यावर खर्च होतो. तो व्हायलाच हवा."

एका खाटेभोवती दोन परिचारिका, एक यंत्र आणि व्हरांड्यात आमचं अर्धं गाव, हेही कुणाच्या हिशेबात नव्हतं.

निघताना अक्का आम्हाला पोचवायला खाली आली. गाड्यांची रांग तिनं पाहिली, मग आमची डोकी.

"बठ्ठा असाच उनात?"

सगळेच बोडक्या डोक्यानं आलो होतो. नानांनी चाचरत कारण सांगितलं.

"मन्हा पोऱ्याना शेजारे आखो खाट टाकनी शे का?" तिचा आवाज चिरकला. "चाव्या द्या."

एकेकाची चावी घेऊन तिनं पदराला गाठ मारली. "हेल्मेट लई या, मंग चावी लई जा." आणि ती पाठ फिरवून जिना चढून गेली.

आम्ही एस.टी.नं परतलो. दुसऱ्या दिवशी मांडीवर हेल्मेट घेतलेल्या शेतकऱ्यांनी भरलेली बस पाहून कंडक्टरनं विचारलं, "नाना, रस्ता एवढा खराब शे का?" कुणी हसलं नाही.

अक्का गाड्यांपाशी उभी होती. मुलगा अजून तसाच होता. ज्याच्या हेल्मेटचा पट्टा लागला त्यालाच ती चावी देई. नानांना पट्टा लावता येईना. तिनं पुढं होऊन धाकट्या दिराच्या हनुवटीखाली तो घट्ट बसवला.

"तो निंघना तवय मी नुस्तं 'हळू जाय' सांगं," ती म्हणाली. "असा पट्टा लावाले पाहिजे व्हता."

मला रडू आवरलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला न झालेला खर्च कुठे दाखवायचा, ते मला आजही ठाऊक नाही. पण तो न झालेलाच राहावा म्हणून ती बाई भर उन्हात उभी होती.

मला जळगावच्या गाडीवर पोचवायला नाना हेल्मेट घालून फटफटीवर निघाले. पारोळ्यापर्यंत पट्टा त्यांच्या गळ्याला काचत होता, तरी त्यांनी तो सैल केला नाही.