वीतभर उचललेला पंखा

शैला मॅडम गेल्याचं त्यांच्या भावानं नाशिकरोडहून फोन करून कळवलं. त्याच आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. आमचे निवृत्त प्राचार्य माइकसमोर म्हणाले, "त्यांच्या संशोधनाला संस्थेनं नेहमीच बळ दिलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिना झाला, ती अजून विझलेली नाही... म्हणून हे लिहितोय.

नव्वदच्या दशकात त्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायच्या; मी वर्कशॉप सांभाळायचो. सुरगाण्याकडे एका बाळंतिणीला झोळीतून डोंगर उतरवताना त्यांनी पाहिलं होतं. ती वाटेतच गेली. तेव्हापासून मॅडमना एकच ध्यास, धावपट्टीशिवाय पाड्यावरून सरळ वर उठणारं छोटं विमान. "हेलिकॉप्टरची पाती झाडांत अडकतील, पाटील. पंखा गोल कड्यात बसवला, तर पात्यांच्या टोकांशी हवा निसटत नाही, जोर वाढतो. आणि जवळचा माणूसही कापला जात नाही." त्या कड्याला आम्ही दोघांनी आठ महिने पॉलिश पेपर मारला. इंजिन जुन्या मोटरसायकलचं. मार्चमधल्या एका सकाळी साखळ्यांनी बांधलेला तो सांगाडा थरथरला आणि जमिनीपासून चक्क वीतभर वर उठला! धुळीत उभ्या मॅडम हसत होत्या, रडतही होत्या.

पुढच्याच महिन्यात आईच्या आजारपणासाठी त्या रजेवर गेल्या. कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, "पाटील, मागचा कचरा उचला."

"सर, मॅडम येईपर्यंत तरी..."

"बाईंचे खेळ पुरे झाले. गेटपासवर सही करा."

मी केली. कडं टेम्पोत मावेना, म्हणून भंगारवाल्यानं ते घणानं फोडलं. मी बघत उभा राहिलो.

परत आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "कडं तरी ठेवायचं होतं, पाटील." निवृत्तीपर्यंत त्या पुन्हा वर्कशॉपची पायरी चढल्या नाहीत. त्यांनी नाद सोडला, असं आम्ही आपल्या सोयीनं मानलं.

शोकसभेत मी उठलो. "बळ कसलं दिलंत? फोडायला लावलंत! आणि सही माझी आहे." कुणीतरी माइक बंद केला.

परवा त्यांच्या घरी गेलो. खिडकीशी ड्रॉइंग बोर्ड तसाच होता. भाऊ म्हणाले, "रोज सकाळी चहाआधी इथं बसायची. दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा." बोर्डावरच्या कागदावर आता एकाऐवजी चार छोटे पंखे होते. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, "चाचणी. पाटलांना विचारणे."