साहेबांच्या तोंडची माझी वाक्यं

नऊ वर्षं मी साहेबांची भाषणं लिहून दिली. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. राहायला डहाणूला, आणि मी तलासरीतल्या ज्या शाळेत मुख्याध्यापिका आहे तिच्या संस्थेत त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याच एका शब्दाने माझी जव्हारकडची बदली थांबली होती. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं कोणी नाही. मी डहाणू सोडू शकत नव्हते. बदली थांबली आणि आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे. शिक्षकदिनासाठी दोन शब्द लिहून द्याल का?" मी दिले. पुढे त्याची सवयच झाली, त्यांना आणि मलाही.

कुटुंब हा त्यांचा आवडता विषय. बॅनरवर ते कधी एकटे नसत, शेजारी वहिनी असायच्याच. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत दोघं जोडीने देवीची ओटी भरत आणि तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेला असे. त्यांचा एक तरुण कार्यकर्ता दुसऱ्याच्या बायकोबरोबर निघून गेला, तेव्हा भर सभेत त्याला काढून टाकताना साहेब म्हणाले होते, "ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, त्याने समाज सांभाळायच्या गोष्टी करू नयेत." ते वाक्य माझं होतं. टाळ्या पडल्या तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला बरं वाटलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. साहेबांचा फोन आला. "उद्या एक ताई येतील. ओळखीतल्या आहेत. मुलीचं पहिलीचं ॲडमिशन करून घ्या. फार विचारू नका."

दुसऱ्या दिवशी तिशीतली एक बाई आली. बोलण्यावरून किनाऱ्यावरची वाटली. म्हणाली, माहेर वरोरचं, घरच्यांची बोट आहे, ती स्वतः तलासरीत शिवणकाम करते. बरोबर सहा वर्षांची मुलगी. फॉर्म तिने सुवाच्य अक्षरात भरला होता, फक्त वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती.

"हे राहिलंय," मी म्हटलं.

तिने मुलीला बाहेर झोपाळा बघायला पाठवलं. मग म्हणाली, "वडील आहेत, बाई. पण लिहायचं नाही असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

तिने पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात मुलगी परत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. मी तिला नाव विचारलं. उत्तर देण्याआधी तिने डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळली आणि मान किंचित वर केली. माईकसमोर उभं राहिल्यावर साहेब नेमकं हेच करतात. इतकी वर्षं मी ते बघत होते.

"आईचं नाव लावलं तर चालेल का?" तिच्या आईने विचारलं.

"चालतं," मी म्हटलं, आणि तसंच लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी येताना बसमध्ये मला जागा मिळाली होती, तरी मी अर्ध्या वाटेत उठून उभी राहिले. बसवेना. कोणाला सांगू, सांगून काय करू, आणि मला हे खरंच आत्ताच कळलं, का आजवर कळून घ्यायचंच नव्हतं? आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझी नोकरी तलासरीत आहे ना अजून? मग गप बस."

मी गप्प बसले. सव्वीस जानेवारीला साहेब प्रमुख पाहुणे म्हणून शाळेत आले. बक्षिसांची नावं मीच वाचत होते. पहिलीच्या लिंबू-चमच्यात ती मुलगी पहिली आली होती. यादीतलं तिचं नाव मी वगळू शकत नव्हते. ती मंचावर आली. साहेबांनी वाकून विचारलं, "नाव काय, बाळ?"

तिने नाव सांगितलं, आईच्या नावासकट, पाठ केल्यासारखं. घरी तिला सगळं शिकवलेलं होतं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कंपासपेटी हातात दिली, आणि ती म्हणाली, "थँक्यू सर." पालकांच्या घोळक्यात मागे तिची आई उभी होती. तीही सगळ्यांसारख्याच टाळ्या वाजवत होती. पुढचं नाव वाचताना माझा आवाज फाटला. लोकांना वाटलं माईक बिघडला.

नंतर ऑफिसात चहा घेताना साहेब म्हणाले, "गुणी मुलं आहेत तुमची." आणि कप खाली ठेवता ठेवता, "एप्रिलमध्ये सामुदायिक विवाह ठेवतोय. आपल्या पाड्यांवर जोडपी लग्नाशिवायच राहतात, तुम्हाला माहीतच आहे. भाषण जरा कडक होऊ द्या."

मी "बघते" म्हणाले.

आमच्या शाळेत मुलांचा भात शिजवणारी ताई उधव्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावरची. बावीस वर्षं ती एका माणसाबरोबर नांदत होती, तीन मुलं होती, पण लग्न लागलेलं नव्हतं. त्यांच्यात लग्न म्हणजे गावजेवण, वाजंत्री, चार दिवसांचा खटाटोप. ज्याला जमेल तेव्हा तो लावतो. तोवर एकत्र राहण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अडचण एवढीच की आईबापांचं लागल्याशिवाय लेकरांचं लागत नाही, आणि ताईच्या थोरलीचं जमलं होतं. मीच तिला म्हटलं, "सामुदायिक विवाहात नाव देऊ या. एका दिवसात होऊन जाईल."

"घरवाल्याला विचारते," ती म्हणाली. तो तयार झाला. दोघांची नावं यादीत मीच घातली.

भाषण लिहायला मला दोन दिवस लागले. एरवी तासाभराचं काम. मी लिहीत होते आणि खोडत होते, आणि समोर फक्त साहेबांचा चेहरा होता. कडक हवंय ना, मग घ्या कडक. त्यांनाच वाचावं लागेल, त्यांच्याच जिभेला चटका बसेल, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटी हे लिहिलं: "लग्नाशिवायचा संसार म्हणजे पायाशिवायचं घर. अशा घरात वाढणाऱ्या मुलांनी समाजात मान वर करून कसं चालायचं?" ते वाचून मला समाधान वाटलं. समोर मांडवात कोण बसणार आहे हे माझ्या मनातही आलं नाही. यादी माझ्याच पर्समध्ये होती.

मांडव मोठा होता. जोडपी रांगेत खुर्च्यांवर, काहींच्या मांडीवर तान्ही मुलं, काहींचे केस पांढरे झालेले. मंचावर साहेबांच्या शेजारी वहिनी, भरजरी साडीत. मी बाजूला याद्या घेऊन उभी. साहेबांनी कानाची पाळी चोळली आणि सुरुवात केली. माझं वाक्य आलं तेव्हा त्यांचा आवाज जरासुद्धा अडला नाही. उलट चढला. आणि त्यांनी पदरचं जोडलं, "आजवर जे पाप झालं, ते आज धुऊन निघणार आहे."

दुसऱ्या रांगेत ताई बसली होती, मागे तिची थोरली. "मान वर करून कसं चालायचं" म्हटल्यावर त्या मुलीने मान खाली घातलेली मी पाहिली. ताईने एकदा मागे वळून लेकीकडे बघितलं. मग कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या, घडी करून खुर्चीवर ठेवल्या, आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तोही उठला. तिघं मधल्या वाटेने चालत निघाली.

एक कार्यकर्ता धावला. "ताई, बसा, आता अक्षताच आहेत."

"ज्यांना बसायचं त्यांना बसू दे," ती म्हणाली.

साहेब बोलतच राहिले. त्यांना बहुतेक दिसलंही नसेल. मला सगळं दिसलं होतं, तरी मी तिच्या मागे गेले नाही.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर आली. मी मधल्या सुट्टीआधी स्वयंपाकाच्या खोलीत गेले. ती भाताखालचा जाळ कमी करत होती.

"ताई, निघून का गेलात?"

"बावीस वर्सं आम्ही एकत्र आहोत, बाई. त्यानं मला टाकलं नाय, मी त्याला टाकलं नाय. यात पाप कुठलं?" तिने चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं. "साहेबाचं मला काय नाय वाटलं. तो बोलतो. पण माझी पोर म्हणते, तो वाचून बोलत होता. लिहून कोणी दिलं?"

"मी," मी म्हटलं.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्हाला आमचं माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

मला सांगायचं होतं की ते तुमच्यासाठी नव्हतं, त्यांच्यासाठी होतं. पण ते सांगायचं तर त्या मुलीचं सांगावं लागलं असतं. ताईच म्हणाली, "पहिलीतल्या त्या पोरीला मी रोज वाढते. मला पण डोळे आहेत. तिच्या आईला मी आजवर एक शब्द बोलले नाय. कशाला बोलू?"

"माझी चूक झाली, ताई."

"पोरीला सांगा ते," ती म्हणाली, आणि ताटं मोजायला लागली.

त्याच आठवड्यात मी साहेबांच्या घरी गेले आणि यापुढे लिहिणार नाही असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, त्या भाषणाने माणसं दुखावली.

"भाषण तुमचंच होतं."

"हो. म्हणूनच." आणि न राहवून पुढे म्हटलं, "पहिलीतली ती मुलगी त्या मांडवात असती, तर तिने काय ऐकलं असतं, साहेब?"

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. मग ते हळू आवाजात, अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, "बाई, ती गोष्ट वेगळी आहे. त्या दोघींना मी काही कमी पडू देत नाही. जबाबदारी घेतली आहे. या लोकांसारखं नाही ते." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आईची तब्येत काय म्हणते?" ती चौकशी होती की इशारा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षभर मी संस्थेच्या प्रत्येक पाकिटाला घाबरत होते. बदलीचं पत्र आलं नाही. पुढच्या मे महिन्यात ताईने आपल्या अंगणात लग्न लावलं. त्यांच्यात लग्न बाई लावते, धवलेरी म्हणतात तिला. तिने आधी आईबापांचं लावलं, मग लेकीचं. मला बोलावणं होतं. मी थोरलीपाशी गेले आणि मांडवातल्या त्या वाक्याबद्दल बोलायला लागले, तर ती म्हणाली, "आज नको, बाई. जेवून जा." मी जेवले. पानात काही टाकलं नाही.

त्या जूनमध्ये ती मुलगी तिसरीत आलीच नाही. निवडणूक जवळ आली होती. मायलेकींची सोय वापीकडे केल्याचं शिवणकामाच्या दुकानातून कळलं. साहेबांना भाषणं आता दुसरं कोणी लिहून देतं. पण माझी जुनी वाक्यं त्यांनी सोडलेली नाहीत. प्रचाराची रिक्षा आमच्या गल्लीतून जाते तेव्हा भोंग्यातून मला मी ऐकू येते. मी खिडकी लावून घेते, उघडते, परत लावते.

परवा डहाणूच्या मासळी बाजारात वहिनी भेटल्या. बोंबील निवडत होत्या. बरोबर कोणी नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी निघणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत होती ना ती? वरोरकडची?"

मी मान हलवली.

"अभ्यासात कशी होती?"

"हुशार होती," मी म्हटलं. "वाचन छान होतं."

वहिनींनी बोंबील टोपलीत परत ठेवला, दुसरा उचलला, कोळणीला म्हणाल्या, "हे ताजे आहेत ना नक्की?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाचते तर बरंय. आमच्या दोघा मुलांना पुस्तकाचा कंटाळा."

कोळणीने बोंबलांचा वाटा पिशवीत भरला. वहिनी निघून गेल्या. मी कशासाठी बाजारात आले होते ते मला आठवेना, आणि बराच वेळ मी मासळीच्या टोपल्यांमधून नुसतीच पुढेमागे फिरत राहिले.