खंजिरीसाठी तिसरा ॲम्प्लिफायर

देवमनच्या बैठकीत माणसाला बसायला जागा उरली नव्हती. खिडकीखाली दोन मोठे स्पीकर, टेबलावर दोन ॲम्प्लिफायर आणि आता दिवाणावर तिसरा. वायरींचं जाळं असं, की मनकर्णा चहा घेऊन यायची ती पाय उचलून, काळ्या रानातल्या चिखलातून यावं तशी.

वीस वर्षं एकाच ॲम्प्लिफायरवर घराचं भागलं होतं. दिवाळीनंतर भजनाच्या कॅसेटमधली खंजिरी बिघडली. कातड्यावरची थाप ऐकू येई, पण पितळी चकत्यांची छनछन गेली. देवमनला वाटलं, मशीन थकलं. त्यानं दुसरं आणलं, रीतसर जोडलं. स्पीकरच्या मागच्या खुंट्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आठवणीनं काढल्या, नाहीतर दोन मशीन एकमेकांनाच जाळतात. जाड आवाज एकाकडे, बारीक दुसऱ्याकडे. छनछन आली नाही. मग त्यानं तिसरं आणून डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या बारीक आवाजाला वेगवेगळं मशीन दिलं.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला कुलदीप तिसऱ्यांदा येऊन उकिडवा बसला.

"काका, तिन्ही टकाटक हायेत. चकत्या कशा वाजून राह्यल्या!"

"वाजून राह्यल्या तं मले काहून नाही येत?"

"चौथा आणा मंग. तुमी अन् काकू अंगणात झोपजा."

देवमनही हसला.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, एका कापड कारखान्यात तो जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. अठ्ठावीस वर्षं. कोणता माग कुठं अडला हे तो न पाहता, नुसत्या खडखडाटावरून सांगायचा. त्या शेडमध्ये कोणी कोणाचं बोलणं ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. त्यामुळे त्याच्या कानांबद्दल कोणाला शंका आली नाही. त्याला स्वतःलाही नाही. आता नव्या मॅनेजरनं सोमवारी सगळ्यांच्या कानांची तपासणी लावली होती. नापास झालेला माणूस शेडच्या बाहेर, गोदामात. मागांशिवाय देवमनला दुसरं काही येत नव्हतं.

कुलदीप गेल्यावर त्यानं आवाज वाढवला. मनकर्णा स्वयंपाकघरातून धावत आली, दोन्ही हात कानांवर.

"अवं बंद करा ना! डोकं फुटून राह्यलं माह्यं!"

देवमननं जाड आवाजाच्या मशीनचं बटण शून्यावर नेलं. ढोलकी गेली, थाप गेली. खोली सामसूम झाली. तो बायकोकडे पाहत राहिला. मनकर्णाचे हात कानांवरून खाली आले नाहीत. भिंतीपलीकडची शेजारीण गंगूबाईही फाटकाशी येऊन तोंड वेडंवाकडं करून काहीतरी ओरडत होती.

त्यानं उरलेली दोन्ही बटणं फिरवली. मग कुठं तिचे हात खाली आले.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "माह्या तोंडाकडे पाह्यल्याबिगर तुमी जवाब देत नाही. कवापासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी मशीनवर मशीन आणून राह्यले. म्हटलं, आणू द्या. सोमवारी काय करसान?"

"पास होईन," देवमन म्हणाला.

सोमवारी तपासणीची गाडी आली. गाडीत कपाटाएवढी खोली, दार लागलं की आतला माणूस आतच. कानांवर जाड हेडफोन. आवाज आला की बोट वर करा, तपासणारी बाई म्हणाली. तिचे ओठ त्याला नीट दिसले. मग तिनं त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

समोर भोकाभोकांचा राखाडी पत्रा. आधी घुमघुम आली, त्यानं बोट वर केलं. पुन्हा आली, पुन्हा केलं. मग काही नाही. आवाज ठरावीक वेळानंच येत असणार, त्यानं ताडलं. मनात चार मोजून बोट उचललं. पुन्हा चार मोजले, पुन्हा उचललं. मानेवर घाम आला. तपासणी चालू आहे की संपली, बाई अजून कागदावर लिहिते आहे की मागून त्याला हाक मारते आहे, काही कळेना. वळून पाहिलं असतं तर सगळं उघड झालं असतं.

देवमन पत्र्याकडे बघत चार मोजत राहिला.