सुरतेहून आलेला सायलेन्सर

सलाउद्दीनभाई,

माझ्यावर काही लिहू नका, असं तुम्ही मला दोनदा बजावलंत. पहिल्यांदा मी ऐकलं. आता ऐकत नाही. तळोद्यात लोक काहीच्या बाही सांगत सुटलेत. कोणी तुम्हाला देवमाणूस करून टाकलंय, कोणी म्हणतं म्हाताऱ्यानेच घोळ घातला. दोन्ही अर्धवट, आणि अर्धवट बोलणं मला सोसत नाही. तेव्हा झालं तसं लिहिते. तुम्ही समोर बसलाय हे विसरून, तिऱ्हाइताचं सांगावं तसं लिहिते, नाहीतर आपण दोघंही संकोचून मरू. कुठे चुकलं तर रजियाभाभींनी दुरुस्त करावं. तुम्ही नाही.

तर, धडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला तळोदा जिथे संपत येतं, तिथे सलाउद्दीनचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, गॅसची टाकी, वेल्डिंगचं मशीन आणि दुधी भोपळे टांगावेत तसे आडव्या बांबूला टांगलेले जुने सायलेन्सर. माणूस साठीला आलेला, काटक, बोलायला कमी. चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं, गाड्यांचा आवाज बंद करायचं. त्याच्या धंद्यात आवाज म्हणजे खोट. रस्त्याने रिक्षा गेली तरी हा मान वर न करता सांगणार की हिचा पाइप मधोमध फुटलाय, आणि तो फुटलेलाच असणार.

काम झाल्यावर पाइपाच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरायचं, इंजिन घुसमटू द्यायचं, आणि सगळ्या सांध्यांवरून कान फिरवायचा. कुठे एवढीशी फुसफुस ऐकू आली की सांधा पुन्हा उघडायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. वैतागोत. फडकं धरल्याशिवाय त्याच्या दारातून गाडी सुटत नसे.

मिथुन हे असंच एक जुनं गिऱ्हाईक. पावरा समाजातला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, आणि त्याची जीप चारही चाकं ओढणारी. डोंगरात डांबर जिथे संपतं तिथे सरकारी रुग्णवाहिका थांबते. पुढे नऊ किलोमीटर दगड, वाळू आणि एक ओढा. तिथे मिथुनची जीप चालते. दोन वर्षांपासून तिचा सायलेन्सर दगडांवर आपटून चिंध्या झालेला, आणि तिचा आवाज असा की तळोद्याच्या बाजारातून निघाली तर घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत सलाउद्दीनला दुकानात बसून ऐकू यायची. त्याच्या पत्नी रजियाभाभी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या, कारण मिथुन निघाला म्हणजे साडेदहा झाले.

आवाजाचं मिथुनला काही नव्हतं. धुराचं होतं. फुटक्या पाइपातून धूर पायाखालच्या पत्र्यातून आत यायचा, सवाऱ्या ओकायच्या. आणि आता त्याची बहीण रविना, नववा महिना चालू असलेली, त्याच गाडीतून खाली आणायची होती. बाळ पोटात आडवं होतं. कळा सुरू व्हायच्या आधी नंदुरबारला आणून दाखल करा, घरी बाळंतपण करायला गेलात तर दोघंही जातील, असं डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं होतं. शुक्रवारी आणायचं ठरलं. म्हणून मिथुनने सुरतेहून तयार सायलेन्सर मागवला, जाडजूड, चकचकीत, आणि त्याला ट्रॅक्टरच्या धुराड्यासारखा छतापर्यंत चढणारा पाइप, म्हणजे ओढ्याचं पाणीही आत शिरायला नको आणि धूरही. बुधवारी सकाळी गाडी सलाउद्दीनच्या दारात उभी केली. एक दिवस हातात ठेवून आला होता बिचारा.

बुधवारी दहा वाजता गाडी जॅकवर, जुना सायलेन्सर खाली, आणि मिथुनचा फोन वाजला. त्याचा मेहुणा धर्मेंद्र. त्या पाड्यात फोन लागत नाही. एका टेकाडावर चढलं की लागतो, तोही वारा असेल तसा. धर्मेंद्र एवढंच म्हणाला की कळा पहाटेच सुरू झाल्यात, झोळी बांधलीय, गाडी ऐकली की उतरतो. कुठल्या बाजूने उतरतो ते सांगायच्या आत फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही.

डोंगराची ही रीत खालच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगते. आजारी माणसाला तिथे रस्त्यावर आणून बसवत नाहीत. रस्त्याला सावली नाही, पाणी नाही, आणि गाडी येईल की नाही याचा भरवसा नाही. माणसाला झोळीत घालून वर झाडाखाली ठेवायचं आणि कान लावून बसायचं. जीप घाटाच्या पहिल्या वळणाला आली की तिचा आवाज दरीत शिरतो. तिथून जीपला पाड्याच्या वळणावर पोचायला चाळीस मिनिटं आणि झोळी खाली उतरवायलाही तेवढीच. दोन्ही एकदमच पोचतात.

मिथुन म्हणाला, "चाचा, जशी शे तशी उतारा. माले जाऊ द्या."

सलाउद्दीन गाडीखालूनच म्हणाला, "तशी कशी सोडू? धूर पुरा गाडीमा भराई जाई. बहीण जित्ती लई येवानी शे ना तुले?"

दुसरी गाडी मिळेना. डोंगरात जाणाऱ्या बाकीच्या दोन्ही जीप सवाऱ्या घेऊन शहाद्याला गेलेल्या. मिथुन दुकानासमोर येरझाऱ्या घालायला लागला. आणि नेमका तेव्हाच, इंजिनाला पाइप जिथे जोडतात तिथला गंजलेला स्टड सलाउद्दीनच्या पान्याखाली मोडला. अर्धा आत, अर्धा हातात. मिथुनने डोकं पत्र्याला टेकलं. सलाउद्दीनने गॅसची ज्योत लावली, तुकडा लाल केला, ड्रिलने कोरून काढला, नवे आटे पाडले. घाई केली असती तर इंजिनाचं अंगच फुटलं असतं, मग जीप महिनाभर हलली नसती. त्याने घाई केली नाही. मिथुनने मधे तीनदा किती वेळ म्हणून विचारलं, तिन्ही वेळा ड्रिल वाजत राहिलं.

मग उभा पाइप बसवायची वेळ आली. डाव्या अंगाने जिथून तो चढणार तिथूनच हॉर्नची वायर गेलेली. पाइप तापला की वितळणार, आणि वितळून चिकटली तर आग. सलाउद्दीनने पक्कड उचलली, वायर कापली, टोकांना टेप गुंडाळली आणि परत आल्यावर दुसरीकडून ओढून देतो म्हणाला. मिथुन म्हणाला, हॉर्न कोणाला पाहिजे, दोन वर्षांत एकदाही वाजवला नाही. खरंच होतं. त्या गाडीला हॉर्नची गरजच कधी पडली नव्हती.

साडेबाराला शेवटचा बोल्ट आवळला. फडकं धरलं. कुठे फुसफुस नाही. मिथुन गाडीत चढला, आणि दोन वर्षं आरडाओरडा करणारी ती जीप मांजरीसारखी दारातून निघून गेली. सलाउद्दीन हात पुसत बघत राहिला. खोटं कशाला लिहू, तो खूश होता. असं काम हातून रोज होत नाही.

एक वाजता रजियाभाभी डबा घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मिथुन गया नहीं क्या अभी तक?"

"कबका गया."

"आवाज तो नहीं आया."

सलाउद्दीनने डब्याचं झाकण काढलं होतं. ते तसंच हातात राहिलं. मग त्याने ते पुन्हा लावलं, डबा भाभींच्या हातात दिला, पाने आणि फडकी पिशवीत टाकली आणि मोटरसायकलला किक मारली. कुठे निघालात म्हणून भाभी विचारत राहिल्या. तोवर मोटरसायकल रस्त्याला लागली होती. जीपचा आवाज त्याने काढून घेतला होता आणि हॉर्नही. वर झाडाखाली माणसं कान लावून बसली होती, आणि त्यांना ऐकू येईल असं त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्याला गुडघ्याचं दुखणं आहे, घाटात तो दहा वर्षं गेला नव्हता. चांदसैलीच्या वळणांवर समोरून येणारे लाकडाचे ट्रक त्याला शिव्या घालत होते. डांबर संपलं तिथे रुग्णवाहिका उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, जीप गेली, अजून परतली नाही. ओढ्यात मोटरसायकल बंद पडली. ढकलत पलीकडे नेली, पुन्हा चालू केली. पुढच्या दगडांवर दोनदा पडला. हे त्याने मला सांगितलेलं नाही, त्याच्या पायजम्याने सांगितलं.

पाड्याच्या वळणावर जीप उभी होती, इंजिन चालूच. रस्त्यावर कोणी नाही. मिथुन डावीकडच्या उतारावरून खाली येत होता, घसा बसलेला. त्या बाजूला तो अर्ध्या चढापर्यंत ओरडत जाऊन आला होता. तिथे कोणी नव्हतं. उजवीकडचा उतार दरीच्या पलीकडे, चढायला तासभर, आणि वारा असा की हाक दहा पावलांवर मरत होती. चाचांना बघून त्याने नुसतं पाइपाकडे बोट दाखवलं. घाटाच्या पहिल्या वळणावरच सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. तोवर परत फिरायची वेळ टळली होती.

सलाउद्दीन इंजिन बंद करून गाडीखाली शिरला. पाइप तापून निळा पडलेला. थंड व्हायला वीस मिनिटं तरी लागली असती. त्याने डोक्याचा रुमाल पाण्यात बुडवून हाताला गुंडाळला आणि मघाशी आपणच आवळलेले तीन बोल्ट उलटे फिरवायला लागला. पहिला सुटला. दुसऱ्याला रुमाल वाळला आणि करपला. मिथुन वरून पाणी ओतत होता, वाफ तोंडावर येत होती. तिसरा बोल्ट सुटला तेव्हा सांधा खाली आला आणि त्याच्या उजव्या मनगटावर टेकला. तो ओरडला असेल, पण ते मिथुनला ऐकू आलं नाही. कारण तेवढ्यात त्याने सांगितल्याप्रमाणे मिथुनने इंजिन सुरू केलं होतं आणि पाय खाली दाबला होता.

दरी भरून गेली. मिथुन दाबत राहिला, सोडत राहिला. पाच मिनिटं काही नाही. सलाउद्दीन रस्त्याच्या कडेला हात छातीशी धरून उभा. मग उजव्या उतारावर, मोहाच्या झाडाखालून, काहीतरी पांढरं हललं. बांबूला बांधलेली झोळी, पुढे दोन माणसं, मागे दोन. ती माणसं पळतच निघाली होती.

झोळी खाली येईपर्यंत मोकळा सांधा पुन्हा जोडायचा होता, नाहीतर आत धूर. सलाउद्दीनने तो डाव्या हाताने जोडला, मिथुनने धरून ठेवला. रविनाला मागच्या बाकावर निजवलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती कोणाकडेही बघत नव्हती. धर्मेंद्र तिचे पाय धरून बसला. मिथुनने चाचांकडे पाहिलं. सलाउद्दीनने जीपच्या पत्र्यावर थाप मारली आणि जा म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने फडकं न धरता गाडी सोडली.

रविना वाचली. मुलगी झाली, तीही ठणठणीत आहे. पण नंदुरबारला ऑपरेशन झाल्यावर रक्त थांबेना, तेव्हा गर्भपिशवी काढावी लागली. रविना तेवीस वर्षांची आहे. हा भाग तळोद्यात कोणी सांगत नाही. सांगायला गोड नाही ना.

सलाउद्दीनभाई, आता पुन्हा तुमच्याशी बोलते. तुमचं मनगट बरं झालं, करंगळी मात्र पूर्ण मिटत नाही. मिथुनच्या जीपला तुम्ही दोन हॉर्न बसवलेत, ट्रकचे, आणि त्याने लाख म्हटलं तरी त्याच्याकडून काही घेतलं नाहीत. हे सगळं झाल्यावर एका सकाळी मी दुकानावरून जात होते, तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. इकडचं तिकडचं विचारलंत. मी वर बालवाडीच्या कामाला दर महिन्याला जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. मग पाना पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाई, रविनाले एक विचारा. त्या लोके तठे झाडखाले कवयपासून बठेल व्हतात? घड्याळ नसनं तरी सावली कोठे व्हती, येवढं सांगतीन."

किती उशिरामुळे पिशवी गेली, हे डॉक्टरणीला तुम्ही आधीच विचारून आला होतात, असं मला नंतर भाभींकडून कळलं. ती म्हणाली होती, असं घड्याळावर सांगता येत नाही. तुम्हाला ते पुरलं नव्हतं.

मी विचारते म्हणाले. त्यानंतर तीनदा वर जाऊन आले. पहिल्यांदा रविनाच्या सासूने भाकरी खाऊ घातली, दुसऱ्यांदा मुलगी माझ्या मांडीवर झोपली. तिसऱ्यांदा मी बराच वेळ नुसतीच बसून होते, तेव्हा रविनानेच विचारलं, बाई, काही काम होतं का?

मी नाही म्हणाले.